दिवा कुठे लावायचा, हे कोण ठरवणार?



महाशिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा भरते. चामोर्शी तालुक्यात, वैनगंगा जिथे उत्तरेकडे वळते त्या काठावर ही जुनी दगडी देवळं उभी आहेत. गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या खेड्यापाड्यांतून बाया येतात. कडेवर पोर, डोक्यावर बोचकं, सोबत सासू, नणंद, शेजारीण. त्या दिवसांत एसटी जादा गाड्या सोडते, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, वाटेवर दिवे लागतात, दुकानं उशिरापर्यंत उघडी असतात. गर्दीत धक्के मारणारे, चिमटे काढणारे तिथेही असतात, हे आपल्याला कुणी सांगायला नको. तरी एक गोष्ट खरी. रात्रीच्या वेळी रस्त्यावर बाई दिसली म्हणून जत्रेत कुणी ‘ही इथे काय करते?’ असं विचारत नाही.

हे आपोआप होत नाही. एवढी मोठी जत्रा पार पाडायची तर तहसील, पोलीस, एसटी, वीज, आरोग्य, ग्रामपंचायत या सगळ्यांना आधी एकत्र बसावं लागतं. गाडी कुठे थांबेल, पाणी कुठे मिळेल, दिवा कुठे लागेल, हे ठरवावं लागतं. म्हणजे रस्ता माणसांना चालण्याजोगा कसा करायचा, हे शासनाला चांगलं कळतं. जत्रा उठली की मांडवाबरोबर ते कळणंही गुंडाळून ठेवलं जातं. उरलेलं वर्षभर याच भागातल्या मुली शाळेला जातात, बाया आठवडी बाजाराला जातात, आशाताई रात्री-अपरात्री बाळंतिणीला घेऊन दवाखाना गाठतात. त्यांच्यासाठी एकत्र कोण बसतं?

रस्त्यावरच्या सुरक्षिततेबद्दल आपण पुष्कळदा बोललो आहोत. या वेळी तो प्रश्न जरा वेगळ्या टोकाने धरायचा आहे. रस्ता सुरक्षित करण्याचे निर्णय जिथे होतात, तिथे बाईला जागा आहे का? आणि खेड्यात जी थोडीफार जागा मिळाली होती, ती गाव थोडं मोठं होताच कुठे जाते?

आधी ‘रस्ता’ म्हणजे काय ते पाहू. मुंबई-पुण्याच्या मैत्रिणींच्या डोळ्यांसमोर डांबरी रस्ता, फूटपाथ, रेल्वे स्टेशन येईल. या जंगल जिल्ह्यांतल्या बाईचा रस्ता घराच्या अंगणातून निघतो आणि थेट जंगलात शिरतो. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात मोहफुलं वेचायला आणि मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला ती याच वाटेने जाते. १० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मारल्या गेल्या. जंगलवाटेच्या तोंडाशी दिवा असणं, वनविभागाने वेळेवर गावाला सावध करणं, बायांनी टोळीने जाण्याची सोय होणं, हे सगळं ‘रस्त्याच्या सुरक्षिततेत’ बसतं की नाही? शहरात बसून केलेल्या व्याख्येत ते बसत नाही.

दुसरा रस्ता खनिजाच्या ट्रकांचा. २०२१ पासून सुरजागडची लोहखाण जोरात सुरू झाली आणि एटापल्ली, आलापल्ली, आष्टी या वाटेवर अवजड ट्रकांच्या रांगा लागल्या. रस्ते उखडले, अपघातांत माणसं गेली, लोक रस्त्यावर येऊन बसले. त्याच वाटेवर सायकलने शाळेत जाणारी मुलगी आहे. मानव विकास कार्यक्रमातून सरकार मुलींना सायकली देतं, शाळेसाठी निळी एसटी देतं. २०२३ पासून बायांना एसटीचं तिकीट निम्मं झालं. चांगलंच झालं. पण सायकल देणारं खातं वेगळं, ट्रकांना परवानगी देणारं वेगळं, रस्ता बांधणारं वेगळं. मुलगी मात्र एकच आहे, आणि तिला या सगळ्या खात्यांच्या मधून वाट काढायची आहे.

आता सुरक्षितता म्हटली की सरकारच्या मनात पहिल्यांदा काय येतं? पोलीस आणि कॅमेरा. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीत जे घडलं त्यानंतर २०१३ साली निर्भया निधी जाहीर झाला. त्यातून ‘सुरक्षित शहर’ प्रकल्पासाठी देशातली आठ शहरं निवडली गेली. महाराष्ट्रातून एकटी मुंबई. चामोर्शी, वडसा, मूल, सिंदेवाही अशा गावांतली बाई त्या नकाशावर कुठेच नव्हती.

पोलिसांबद्दल तर आपल्याला या जिल्ह्याने फार आधी शिकवलं आहे. २६ मार्च १९७२ रोजी देसाईगंजच्या, म्हणजे आपल्या वडशाच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर दोन पोलिसांकडून अत्याचार झाल्याची तक्रार होती. तेव्हा देसाईगंज चंद्रपूर जिल्ह्यात होतं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली त्यांना सोडलं. १९७९ साली उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या चौघांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० साली देशभर बाया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली बलात्काराचा कायदा बदलला. मथुरा खटला म्हणून आपण तो ओळखतो. आपल्या चळवळीच्या मुळाशी असलेली ती घटना वडशासारख्या छोट्या गावातली आहे, हे आपण क्वचितच आठवतो. ती मुलगी रस्त्यावर नव्हती. ती ठाण्यात होती, जिथे सुरक्षितता मिळते असं म्हणतात तिथे. म्हणून ‘पोलीस वाढवा’ एवढीच मागणी करून आपल्याला थांबता येत नाही. जे कुणी आपलं रक्षण करणार, त्यांना जाब विचारण्याची जागाही आपल्याकडे हवी.

ती जागा कायद्याने थोडीफार दिलेली आहे. ७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून लागू झाली आणि पंचायतीत एक तृतीयांश जागा बायांच्या झाल्या. महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. त्याही आधी, आरक्षणाची सक्ती नसताना, शेतकरी संघटनेच्या महिला आघाडीने अख्ख्या बायांची पॅनेलं उभी केली होती. जळगाव जिल्ह्यातलं विटनेर, यवतमाळमधलं मेटीखेडा ही नावं आपल्या जुन्या मैत्रिणींना आठवत असतील. आज निम्म्या जागांवर बाया बसतात. सरपंचबाईच्या खुर्चीवर तिचा नवरा बसतो, ही रडकथाही आपल्याला पाठ आहे.

पण जागांच्या आरक्षणापेक्षा कमी गाजलेली एक तरतूद आहे. ग्रामसभेच्या आधी गावातल्या बायांची वेगळी सभा घेतली पाहिजे, असं महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा सांगतो. या महिला सभेत निवडून आलेलीच बाई बोलेल असं नाही. मतदारयादीत नाव असलेली कुणीही बाई उठून म्हणू शकते, ‘हातपंपाजवळचा दिवा चार महिन्यांपासून बंद आहे. का?’ ग्रामपंचायतीने आपल्या उत्पन्नातला दहा टक्के हिस्सा महिला व बालकल्याणावर खर्च करायचा, असाही नियम आहे. तो कशावर जातो, हे विचारण्याची जागाही हीच.

ग्रामसभेत काय ताकद असते, हे याच जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने दाखवलं. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा सगळीकडे पोचली. तिथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वांच्या संमतीने होतात. एकाही बाईचा विरोध असेल तर चर्चा थांबत नाही. २००९ साली या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला. गडचिरोलीतली दारूबंदीही १९९३ साली वरून उतरलेली नव्हती. गावोगावच्या बायांनी ठराव केले, सभा घेतल्या, तेव्हा ती झाली. आणि दारूचा गुत्ता हा रस्त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे, हे संध्याकाळी बसथांब्यावर उभी राहिलेली कोणतीही बाई सांगेल.

आता खरी अडचण. २०१५ च्या सुमारास गडचिरोली जिल्ह्यातली चामोर्शी, धानोरा, कुरखेडा, अहेरी, एटापल्ली अशी तालुक्याची गावं ग्रामपंचायतीतून नगरपंचायतीत गेली. गाव ‘शहर’ झालं म्हणून पेढे वाटले गेले. त्या दिवशी बायांनी काय गमावलं, याचा हिशेब कुणी मांडला नाही. नगरपंचायतीला ग्रामसभा नसते. ग्रामसभा गेली, तिच्याबरोबर महिला सभाही गेली. राज्यघटनेने शहरांसाठी वॉर्ड समित्या सांगितल्या आहेत, पण त्या तीन लाख किंवा त्याहून जास्त लोकवस्तीच्या शहरांना बंधनकारक. चामोर्शीची वस्ती तीन लाख कधी होणार? म्हणजे बाई मार्कंड्यात राहते तोवर तिला सभेत उठून बोलण्याचा हक्क आहे. तीच बाई लग्न होऊन किंवा पोरांच्या शिक्षणासाठी थोड्या अंतरावरच्या चामोर्शीला राहायला गेली की तिच्या हातात पाच वर्षांतून एकदा बटण दाबण्याचा हक्क उरतो. मधल्या काळात नगरसेवकाच्या दारात अर्ज घेऊन उभं राहायचं.

आदिवासी भागात तर हे आणखी गुंतागुंतीचं आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामसभेला मोठे अधिकार दिले, महाराष्ट्राने त्याचे नियम २०१४ साली केले. पण शहरांसाठी तसा कायदा संसदेने केलाच नाही. २००१ साली राज्यसभेत विधेयक मांडलं गेलं, ते मंजूर झालं नाही. एटापल्ली, धानोरा, कुरखेड्यासारखी गावं नगरपंचायत झाली आणि तिथल्या आदिवासी बाईची पेसाची ग्रामसभाही हातातून निसटली.

त्यातच २०२२ पासून राज्यातल्या अनेक नगरपालिका आणि जिल्हा परिषदा निवडणुकांविना प्रशासकांच्या हाती गेल्या. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की निवडणुका घ्या. नगरपरिषदांचं मतदान झालं ते डिसेंबर २०२५ मध्ये. एवढी वर्षं दिवा, गटार, बसथांबा यांचे निर्णय एका अधिकाऱ्याच्या सहीने होत राहिले. निवडून आलेले नाहीत आणि सभाही नाही, मग बाईने विचारायचं कुणाला?

शेजारच्या चंद्रपुरात हेच मोठ्या प्रमाणावर घडलं. बायांच्या अनेक वर्षांच्या लढ्यानंतर १ एप्रिल २०१५ पासून तिथे दारूबंदी आली. २७ मे २०२१ रोजी मंत्रिमंडळाने ती उठवली. समितीचा अहवाल होता, अवैध दारूचे आकडे होते, महसुलाचा हिशेब होता. दारूबंदी यशस्वी झाली की नाही यावर आपल्यातही मतभेद असतील. असू देत. पण ज्यांच्या मोर्चांमुळे ती आली, त्या बायांच्या गावोगावच्या सभांना ती उठवण्याआधी विचारायला हवं होतं, यावर तरी मतभेद नसावेत.

मागणी मान्य होणं आणि निर्णयात वाटा मिळणं यातला फरक असा आहे. मागून मिळालेला दिवा बंद पडतो. २०२१ साली थकबाकीपोटी महावितरणने राज्यातल्या कितीतरी गावांच्या पथदिव्यांची वीज तोडली. बिल कोणी भरायचं यावर सरपंच आणि शासन भांडत राहिले. खांब होता, दिवा होता, उजेड नव्हता. त्या भांडणात बायांची सभा कुठे होती? कोणत्या गल्लीतला दिवा आधी चालू ठेवायचा, बिलासाठी कोणता खर्च मागे ठेवायचा, हे त्यांनी सांगितलं असतं तर उत्तर कदाचित वेगळं निघालं असतं. सभामंडपाच्या फरशीपेक्षा त्यांनी दिव्याचं बिल निवडलं असतं, असं मानायला पुष्कळ जागा आहे.

इथे एका गोष्टीची जाणीव ठेवली पाहिजे. ‘सुरक्षितता’ हा शब्द दुधारी आहे. रस्ता धोक्याचा आहे असं आपण म्हणतो, तेव्हा घरातला बाप म्हणतो, ‘तेच तर मी सांगतोय, आता शाळा पुरे.’ सासू म्हणते, बचतगटाच्या बैठकीला जाऊ नकोस. म्हणून आपली मागणी नेमकी असली पाहिजे. बाईला रस्त्यापासून वाचवा असं आपलं म्हणणं नाही. तिला रस्ता हवा आहे, सकाळचा आणि रात्रीचाही, कामासाठी आणि नुसतं देवळाच्या पायऱ्यांवर बसून गप्पा मारण्यासाठीही. ज्या उपायामुळे बाया घराबाहेर कमी दिसू लागतील, तो उपाय आपला नव्हे.

‘बाया सभेला येतच नाहीत’ ही तक्रार नेहमीची. सभा कधी असते? दुपारी, रोवणीच्या दिवसांत, ग्रामपंचायतीच्या पुरुषांनी भरलेल्या ओट्यावर. ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० माणसं, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते. ती झाली नाही की सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग उरलेली दहा-वीस माणसं सगळे ठराव करून मोकळी होतात. बाया येत नाहीत, यात कुणाकुणाची सोय असते ते यावरून कळतं.

तर करायचं काय? एक साधं काम आपल्या प्रत्येक गटाला जमेल. १९८९ साली कॅनडातल्या टोरांटो शहरात बायांच्या एका संघटनेने ‘सुरक्षितता पाहणी’ची पद्धत सुरू केली. नंतर दिल्लीत जागोरी संस्थेने ती वापरली. तिला तज्ज्ञ लागत नाहीत, यंत्रं लागत नाहीत. आठ-दहा बायांनी मिळून आपल्याच गावातून चालायचं.

चालताना सगळ्या वयांच्या बाया घ्या. शाळकरी मुलगी, म्हातारी, गरोदर बाई, पायाने अधू असलेली बाई, बाजारात भाजी विकणारी, दलित वस्तीतली, आदिवासी टोल्यावरची. गावाच्या टोकाला राहणाऱ्यांचा अंधार मधल्या आळीतल्यांना दिसत नाही. एकदा दिवस मावळल्यावर चाला आणि एकदा पहाटे, मोहफुलांच्या वेळी. एका वहीत तीन रकाने आखा. पहिल्यात जागा: बसथांबा, नाला, शाळेची मागची वाट, सार्वजनिक संडास, जंगलाची वाट. दुसऱ्यात अडचण: दिवा नाही, झुडपं वाढली, दाराला कडी नाही, ट्रक वेगाने जातात, टवाळ पोरं बसतात, गुत्ता आहे. तिसऱ्यात ते काम कोणाचं: ग्रामपंचायत, नगरपंचायत, बांधकाम खातं, महावितरण, एसटी, वनविभाग, पोलीस. तिसरा रकाना भरताना सगळ्यात जास्त डोकं चालवावं लागेल. आणि तोच सगळ्यात उपयोगी पडेल, कारण ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर मग चालणार नाही.

गावातल्या गटांनी ही वही घेऊन २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेआधी महिला सभा मागावी. सभा आपल्या सोयीच्या वेळी ठेवायला लावावी. एका वेळी वीस मागण्या नकोत. तीन पुरेत, पण त्यांचा ठराव झाला पाहिजे, तो इतिवृत्तात लिहिला गेला पाहिजे आणि त्याखाली अंगठा किंवा सही करण्याआधी कुणीतरी तो मोठ्याने वाचला पाहिजे.

नगरपंचायतीच्या गावांतल्या गटांचं काम जास्त अवघड आहे, कारण त्यांना आधी सभाच मिळवायची आहे. कायद्यात नसली तरी कायद्याने मनाईही नाही. प्रत्येक प्रभागातल्या बायांनी वर्षातून चार वेळा स्वतःची सभा घ्यावी, नगरसेवक आणि मुख्याधिकाऱ्याला लेखी बोलवावं, न आल्यास तेही लिहून ठेवावं. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली पथदिव्यांच्या देखभालीचा खर्च मागावा. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या गटांनी मिळून शासनाकडे एकच मागणी लावून धरावी: लहान शहरांतही प्रभागसभा आणि तिच्याआधी महिला सभा कायद्याने बंधनकारक करा. जो हक्क मार्कंड्यातल्या बाईला आहे, तो चामोर्शीतल्या बाईला का नको, याचं उत्तर आमदारांनी द्यावं. मत मागायला येतील तेव्हा पहिला प्रश्न हाच विचारावा.

तुमच्या पाहणीची वही, ठरावाची नक्कल, आलेलं किंवा न आलेलं उत्तर आम्हाला पाठवा. पुढच्या अंकात त्यासाठी पानं राखून ठेवली आहेत. एखाद्या गावात एकच दिवा लागला असेल तरी कळवा. मात्र तो कुणाच्या मेहेरबानीने लागला, की आपल्या ठरावाने, तेही लिहा. ठरावाने लागलेला दिवा बंद पडला तर का बंद पडला, हे पुढच्या सभेत उभं राहून विचारता येतं.

– संपादक मंडळ